कपाटाची खालची बाजू

तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे तोफ. तिला दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. बाई काय, शाळेत हव्या तेवढ्या मिळतात.

सकाळी ती पार्सल डेपोत असायची. पट्ट्यावरून सरकत येणारी खोकी उचलायची, शिक्का बघायचा, त्या-त्या गावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायची. दुपारी घरी जाऊन दोन घास खायची. नवरा शिंपी होता. बायकोचे सदरे खांद्यात उसवून दरवर्षी थोडे वाढवणारा जगातला एकटाच शिंपी, असं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा. संध्याकाळ झाली की ती क्रीडा मंडळाच्या हॉलचा जिना चढायची. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली खोली तिची. रबरी चटया, भिंतीला एक आरसा, त्याला एक तडा, लोखंडी रॅक आणि त्यावर लांब पोलादी दांडी. ती दांडी म्हणजे तोफेचा जीव की प्राण.

ती सुखासुखी मिळालेली नव्हती. तरुणपणी तोफ पहिल्यांदा या हॉलमध्ये आली आणि मला वजन उचलायला शिकायचंय म्हणाली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे पुरुष पोट धरून हसले होते. दिवसभर डेपोत खोकी उचलतेस, घरी बादल्या उचलतेस, तुला आणखी कसला व्यायाम पाहिजे, म्हणाले. तिने तिथल्या तिथे सुनावलं होतं, "काम म्हणजे व्यायाम नाही. कामात ओझं माणसाच्या मानेवर बसतं. व्यायामात माणूस ओझ्याच्या मानेवर बसतो."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की पुढे आयुष्यभर तिने ते हत्यारासारखं वापरलं. पोरीला कशाला व्यायाम, घरी केर-फरशी आहेच की, असं म्हणणाऱ्या आयांच्या अंगावर टाकलं. मंडळाच्या सेक्रेटरींच्या दारात आठ-दहा पोरी घेऊन ठिय्या दिला तेव्हा तेच ऐकवलं. सेक्रेटरी कंटाळले, पुरुषांनी नवी दांडी घेतली, आणि जुनी दोन पहिलवानांनी तोंड वाकडं करत वर आणून ठेवली. तेव्हापासून नवी पोरगी आली की तोफ पहिल्याच दिवशी बजावायची की इथे उचलाल ते वजन, घरी उचलाल ते काम, त्याची रडगाणी इथे नकोत.

आता त्या खोलीतली सगळ्यात गुणी पोरगी म्हणजे नाकतोडा. लांब तंगड्या, वर काटकुळं धड. लांब उडी मारायची. बाप घरसामान हलवायचा धंदा करायचा. एक छोटा ट्रक, दोऱ्या, जुन्या गोधड्या, रुंद पट्टे, एवढा त्याचा कारखाना. पोरगी आली तेव्हा नुसती दांडी खांद्यावर घेऊन खाली बसली की वर येताना गुडघे एकमेकांना भेटायला जायचे. तोफेने वर्षभर तिच्या पाठीशी उभं राहून तिला स्क्वॉट शिकवला, मग दांडी जमिनीवरून उचलायचा डेडलिफ्ट. टाचा खाली, छाती वर, पाठ सपाट. घाई नाही. आणखी दोन सहज होतील असं वाटलं की थांबायचं. कोवळ्या पोरांना दमेपर्यंत उचलायला लावणाऱ्या कोचला भर चौकात उभं करून जाब विचारायला पाहिजे, असं तोफेचं स्पष्ट मत होतं, आणि ते ती न विचारता सांगायची.

नाकतोड्याचा आठवडा तिने स्वतः बांधला होता. मंगळवारी दुपारी पोरगी शाळेच्या मैदानावर पीटी सरांकडे पूर्ण रन-अपने उड्या मारायची आणि त्याच संध्याकाळी वर येऊन जड स्क्वॉट. शुक्रवारी छोटी धाव आणि डेडलिफ्ट. मधले दिवस हलके. सोमवारी तर काहीच नाही. पीटी सरांना आधी हे उलटं वाटलं होतं. उड्यांच्या दिवशी वजन कशाला, वजन दुसऱ्या दिवशी ठेवू, म्हणाले. तोफेने त्यांना खुर्चीत बसवून समजावलं की तसं केलं तर पायांना रोज काही ना काही लागतं आणि एकही दिवस मोकळा राहत नाही. जड ते जडाबरोबर एकाच दिवशी उरकायचं, म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो. सर शहाणे होते. मान्य केलं, आणि सहा-सात महिन्यांत पोरगी वाळूत असल्या ठिकाणी पडायला लागली की सरांना खड्ड्याच्या पुढच्या कडेची काळजी वाटू लागली.

मग कुठेतरी माशी शिंकली.

एका मंगळवारी पोरगी उडीच्या फळीवर आली ती जणू दुसऱ्याचे पाय लावून. उडी बसलीच नाही. संध्याकाळी स्क्वॉटला खाली गेली आणि वर येताना मधेच अडकली. तोफेने मागून दांडी धरली. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी मात्र पोरगी उडाली. चौथ्याला परत मेली.

तोफेने वजन कमी केलं. पुढचा आठवडा झकास गेला, त्याच्या पुढचा भिकार. जड दिवस बुधवारी नेला. थोडं बरं वाटलं. तिला वाटलं, सापडलं. मग चिडून सोमवारी आणला, तर पोरगी रिकाम्या दांडीखाली थरथरायला लागली. आदला अख्खा रविवार मोकळा, आणि तरी पाय मेलेले. हे कुठलं गणित, तेच तिला कळेना. डेपोत खोकी चुकीच्या पिंजऱ्यात पडायला लागली. घरी नवऱ्याने दोनदा विचारलं की भाजीत मीठ घालायचं सोडलंस का, तर म्हणाली, तुझा स्क्वॉट अडकत नाही ना, मग गप्प खा.

पोरीची उलटतपासणी झाली. नीट जेवतेस का? जेवते. झोपतेस का? झोपते. रात्रभर मोबाइल? नाही. शेवटी तोफेने खोलीचं दार लोटून घेतलं आणि पोरगा-बिरगा आहे का, विचारलं.

"बाई, मला बघून पोरगे पळतात," नाकतोडा म्हणाली.

"मग त्यांच्या मागे पळून दुखतात का पाय?"

पोरगी हसली, तोफही हसली, आणि प्रश्न होता तिथेच राहिला. त्याच वेळी तिला पोरीच्या गळ्याजवळ, सदऱ्याच्या कडेखाली, बोटभर रुंद लाल वळ दिसला होता. दांडी तिथे बसत नाही, मागे बसते. हे काय, म्हणून विचारलं, तर पोरगी म्हणाली, काही नाही, घरचं काम. घरचं काम म्हटल्यावर तोफेच्या कायद्याप्रमाणे विषय संपला. नाकासमोर उत्तर होतं आणि तिने स्वतःच त्यावर पडदा ओढला.

एका मंगळवारी सेक्रेटरींनी पोरीला जिना उतरताना पाहिलं. कठड्याला धरून, आडवी, एकेक पायरी, म्हातारीसारखी. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि वाईटापेक्षा घाबरट माणसाशी भांडणं जास्त जड जातं. त्यांनी तोफेला ऑफिसात बोलावलं, पाणी विचारलं, आणि म्हणाले की या वजनांनी पोरीचे गुडघे गेले तर उद्या तिची आई माझ्या दारात येईल. जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या महिन्यात होती. तेवढं होऊ द्या, म्हणाले. पोरगी निवडली गेली तर मी आयुष्यात परत विषय काढणार नाही. नाही गेली, तर दांडी खाली पुरुषांकडे जाईल. वर रबरी पट्टे ठेवू, रंगीत डंबेल ठेवू, दिसायलाही छान दिसतं.

तोफ जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाहेर आल्यावर जिनाभर ती एकच पुटपुटत राहिली. रंगीत डंबेल. गुलाबी असणार. वर खोलीत अजून चार पोरी होत्या, दांडी पुसून ठेवत होत्या, आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी ती तरातरा नाकतोड्याच्या घरी निघाली. पोरीचा बाप नीट खायला घालत नाही किंवा सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी दुसऱ्या कोचकडे पाठवतो, असं काहीतरी तिने डोक्यात पक्कं केलं होतं, आणि भांडणाचं पहिलं वाक्यही तयार होतं. दार आईने उघडलं. आईच्या हातात सुई-दोरा आणि मांडीवर फाटलेली गोधडी. बापलेक कामावर गेलेत, म्हणाली. दवाखान्यामागच्या पिवळ्या इमारतीत. मोठा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला लागल्यापासून घर हलवायचं काम असलं की पोरगीच जाते. दर रविवारी नसतं. असलं की जाते.

दर रविवारी नसतं, असलं की जाते. तोफ तिथून निघाली तेव्हा चाल मंदावली होती. पहिला मंगळवार, दुसरा, मग उडाली, मग परत मेली. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला तिला चुकवून शिव्या देत गेला, आणि तिने उलट एक शब्द काढला नाही. असं कधी घडलं नव्हतं.

पिवळ्या इमारतीची लिफ्ट दोन माणसं आणि एक पिशवी एवढ्याच मापाची. दारात ट्रक उभा, मागची फळी उघडी, आत बांधलेल्या खुर्च्या. तोफ जिना चढू लागली आणि दुसऱ्या वळणावर थांबली. वरून एक तीन दारी लाकडी कपाट खाली येत होतं. वरच्या टोकाला बाप होता, पट्टा खांद्यावर घेऊन. खालच्या टोकाला, सगळा भार अंगावर घेऊन, पाठमोरी उतरणारी पोरगी.

जिन्यावर वजन खालच्या माणसावर येतं, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. तोफेला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. पोरीची पाठ सपाट होती. टाचा पायरीला चिकटलेल्या. गुडघे बोटांच्या रेषेत. प्रत्येक पायरीला ती अर्धा स्क्वॉट घालत होती, आणि असला देखणा स्क्वॉट त्या तडा गेलेल्या आरशासमोर आजवर कोणी घातला नव्हता.

मग ती चढली, पोरीच्या शेजारी शिरली, आणि एक कोपरा उचलून घेतला. पोरगी दचकली. कपाट दचकलं. वरून बाप ओरडला की काय झालं, आणि तोफेने खालून सांगितलं की काही नाही, उतरा, सावकाश.

खाली फळीवर कपाट टेकल्यावर बाप घाम पुसत पुढे आला आणि त्याने वाकून नमस्कारच केला. तोफेचं तयार वाक्य तोंडातच राहिलं. बाप म्हणाला, तुमचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही बाई, आधी ही नुसत्या खुर्च्या उचलायची. मग वरचं टोक धरायला लागली. तुम्ही तिला तयार केल्यापासून खालचं टोक तीच घेते. माझी कंबर वाचली. मुलगासुद्धा असं धरत नव्हता. फोनवर त्याला सांगितलं तर त्याला राग आला.

तोफेला भांडायला कोणी उरलंच नाही. ती फ्रिजच्या खोक्यावर बसली. बाप चहा आणायला कोपऱ्यावर गेला. पोरगी समोर उभी, खांद्यावरचा पट्टा काढून हाताला गुंडाळत.

"मला एकदा सांगायचंस ना गं," तोफ म्हणाली. आवाज तोफेचा नव्हता.

"काय सांगायचं, बाई? तुम्हीच म्हणता, काम म्हणजे व्यायाम नाही. घरची रडगाणी इथे नकोत."

पोरगी टोमणा मारत नव्हती. शिकवलेलं म्हणून दाखवत होती, आणि ते जास्त लागलं. जिचा अर्धा जन्म खोकी उचलण्यात गेला, जिला डेपोत जादा पाळी झाली की संध्याकाळी स्वतःचा जिना चढवत नाही, तिने या पोरीला कधी विचारलं नव्हतं की रविवारी काय करतेस. वाक्य चुकीचं नव्हतं. हसणाऱ्या पुरुषांना द्यायला ते उत्तम होतं. पण पायांना कपाट आणि दांडी यातला फरक कुठे कळतो? पायांनी कुठे ते भांडण ऐकलंय?

चहा येईपर्यंत तिने मनातल्या मनात अख्खा आठवडा मोडून परत बांधला. आधी तिला वाटलं, पोरीला कामावर येणंच बंद करायला सांगावं. तेवढं विचारून पाहिलं, तर पोरगी ताठ झाली. मला आवडतं हे, म्हणाली, लोकांची घरं बघायला मिळतात, आणि बाबा एकटे कसे करणार. तोफेला तो ताठपणा ओळखीचा वाटला. तिने तो विचार सोडून दिला.

मग बाप, पोरगी आणि ती असे तिघे ट्रकच्या फळीवर बसून ठरवून मोकळे झाले. ज्या रविवारी काम असेल तो रविवार म्हणजे जड पायांचा दिवस. तोच स्क्वॉट. त्यानंतर सोमवार-मंगळवार दांडीला हातसुद्धा लावायचा नाही. मंगळवारी मैदानावर नुसती पावलं मोजायची, उडी नाही. उड्या बुधवार-गुरुवारकडे सरकवायच्या आणि त्याच संध्याकाळी थोडे डेडलिफ्ट. काम नसेल त्या आठवड्यात जुना मंगळवार परत. बापाने शनिवारी फोन करून सांगायचं, उद्या काम आहे की नाही आणि किती मजले. आणि खालचं टोक आलटून पालटून.

"मजलेसुद्धा सांगायचे?" बापाने विचारलं.

"मजलेच आधी सांगा. कपाट काय, कुणाच्याही घरी असतं."

पीटी सरांनी ऐकून डोक्याला हात लावला आणि मग लगेच मान हलवली. सेक्रेटरींना मात्र एक दिवस मंगळवारी दांडी रॅकवर मोकळी दिसली आणि ते खुश झाले. ऐकलंत शेवटी माझं, म्हणाले. शहाण्या बाईने ते तसंच सोडून दिलं असतं. तोफ म्हणाली, तुमचं कोण ऐकतंय, ती रविवारी उचलते, तीन दारी कपाट उचलते, गुलाबी डंबेलापेक्षा जरा जड असतं. सेक्रेटरींनी तिच्याकडे काळजीने पाहिलं आणि दुसरं काही काम आठवून निघून गेले.

पाय परत आले. एकदम नाही. पण दोन-तीन आठवड्यांत फळीवरचा तो टणकन आवाज परत ऐकू यायला लागला, आणि सरांनी वाळू पुढे ओढून घेतली.

आणि मग निवडीची तारीख लागली ती मंगळवारची. पाठोपाठ शनिवारी बापाचा फोन. उद्या काम आहे, आधीच शब्द दिलेला, बाजा शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांचं घर, चौथा मजला. बाज्यासकट, म्हणजे पायाने वाजवायची ती कपाटाएवढी पेटी. पोरीला नको आणायला, हे तो स्वतःच म्हणाला, पण मग दुसरा माणूस कुठून आणू? तोफेने क्षणभरही विचार केला नाही. नवऱ्याला म्हणाली, माझा जुना सदरा काढ, खांद्यात सैल असलेला. तो म्हणाला, सैल असा एकही उरलेला नाही.

रविवारी नाकतोडा घरी गोधड्या शिवत बसली, आईच्या शेजारी, चिडलेली. तोफ चार मजले खालच्या टोकाला. बाज्याचे मास्तर प्रत्येक वळणावर पुढे येऊन सांगत होते की हळू, तो माझ्या वडिलांचा आहे, आणि तिसऱ्या वळणावर तिने त्यांना सांगितलं की वडिलांनासुद्धा बोलवा, एक टोक रिकामं आहे. मास्तर हसायला लागले आणि मग गप्प बसले. बाजा एकही ओरखडा न पडता खाली आला. बाप म्हणाला, बाई, डेपो सोडा, माझ्याकडे या.

मंगळवारी मैदानावर तोफ स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. वर कशी चढली ते तिचं तिला माहीत. खाली नाकतोडा रन-अपच्या खुणेवर उभी होती. पहिली उडी फळीच्या पुढे पाय पडल्याने बाद. दुसरी जपून मारलेली, म्हणून आखूड. तोफेने कठडा इतका घट्ट धरला होता की शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमची मुलगी का? तोफ हो म्हणाली. लेक बापाची असेना का, रविवारी खालचं टोक तोफेने धरलं होतं.

तिसऱ्या उडीला पोरगी धावत आली, आणि फळीचा आवाज स्टँडपर्यंत पोचला. टणकन. हवेत ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ राहिली. पीटी सर फीत ओढत गेले, वाकले, उठले, आणि त्यांनी वर पाहून फक्त एक हात उचलला. त्या उडीवर पोरगी दुसरी आली. निवड दोघींची होती.

तोफ उठली आणि खाली उतरायला लागली. म्हणजे प्रयत्न केला. दोन्ही मांड्यांनी सपशेल नकार दिला. कठड्याला धरून, आडवी, एकेक पायरी, ओठ चावत ती उतरत होती, आणि खाली नेमके सेक्रेटरी उभे होते.

"बाई, गुडघे?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाजा," तोफ म्हणाली.

सेक्रेटरींना काही कळलं नाही, पण त्यांनी हात पुढे केला, आणि तिने तो धरला. शेवटच्या पायरीवर ते म्हणाले की दांडीचा विषय संपला. तिने मान हलवली. एवढं कमी बोलून ती आयुष्यात पहिल्यांदाच एखादी लढाई जिंकली असेल. पलीकडून नाकतोडा वाळू झटकत धावत येत होती आणि तोफ तिला ओरडून सांगत होती की पळू नकोस, चाल, आज एवढं पुरे.

पुढच्या आठवड्यात वरच्या खोलीत नवी पोरगी आली. ठेंगणी, मजबूत, आईने दारापर्यंत सोडलेली. बाकीच्या पोरी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कारण आता ते जुनं वाक्य येणार होतं. तोफेने पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काल काय उचललंस?"

पोरगी गोंधळली. काही नाही, म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, आजोबांना फक्त. पलंगावरून खुर्चीत, परत पलंगावर. रोजचंच आहे ते.

"एकटी?"

"आई कामावर असते."

तोफेने रॅककडे जाऊन दांडीला लावून ठेवलेल्या दोन्ही प्लेटा काढल्या, भिंतीपाशी ठेवल्या, आणि पोरीला जवळ बोलावलं. आजोबांना कसं उचलतेस ते आधी दाखव, म्हणाली. नाकतोडा लगेच पुढे आली, चटईवर आडवी झाली, आणि म्हाताऱ्यासारखं तोंड करून डोळे मिटून घेतले.